दाखला, घर, रस्ता आणि हक्क : दिव्यांग व्यक्तींच्या स्वतंत्र जगण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः महाराष्ट्रातून येतात, थोडे गोव्यातून, आणि काही परदेशात राहणाऱ्या पण आईवडील इथे असलेल्या मुलांकडून. विचारणारे बहुतेक वेळा आई, मोठा भाऊ, सून किंवा शेजारचे काका असतात. ज्याच्याबद्दल विचारलं जातं तो माणूस स्वतः क्वचितच विचारतो. म्हणून काही ठिकाणी उत्तर देताना आम्ही प्रश्नच थोडा वळवला आहे, त्याचा राग मानू नये. खाली नुसतं 'कायदा' म्हटलं असेल तिथे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ समजावा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. योजनांच्या रकमा आणि अटी शासन निर्णयाने बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी ताजा आकडा विचारून घ्या.

१. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड वेगळं असतं का? कुठे काढायचं?

एकाच अर्जावर दोन्ही मिळतं. यूडीआयडी म्हणजे प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ जून २०२१ पासून दाखला फक्त यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवरूनच दिला जातो. 'स्वावलंबन कार्ड' या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि हाताशी असतील ते वैद्यकीय कागद जोडायचे, आणि राहत्या जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय निवडायचं. उपचार दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात चालू असतील तर तेही निवडता येतं. जुना हस्तलिखित किंवा राज्याच्या आधीच्या एसएडीएम या संगणक प्रणालीचा दाखला असला तरी यूडीआयडीसाठी अर्ज करून ठेवा. आता बहुतेक ठिकाणी तोच नंबर मागतात.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं कार्ड, ४० ते ८० पिवळं, ८० आणि पुढे निळं. कार्ड देशभर चालतं. राज्याच्या योजनांना मात्र त्या राज्याचा रहिवास लागतो.

अर्जाला सरकारी शुल्क नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल, ते वेगळं. 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा. फसवणुकीने लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; आणि त्यात अडकतो तो दाखल्यावर नाव असलेला माणूस, एजंट नव्हे.

२. टक्केवारी कशी काढतात? बाबांना ऐकायला ४० टक्के आणि पायाचे ३० टक्के सांगितले, मग एकूण ७० का नाही धरले?

कारण ही सरळ बेरीज नसते. मोठी टक्केवारी घ्यायची. लहान टक्केवारीला (९० वजा मोठी) ने गुणून ९० ने भागायचं. येईल ते मोठीत मिळवायचं. तुमच्या बाबांचं गणित : ३० गुणिले ५० भागिले ९०, म्हणजे १६.६७, त्यात ४० मिळवले की साधारण ५७. दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळाने चूक केलेली नाही.

हिशेब खरंच चुकला आहे असं वाटत असेल तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलासोबत मूळ दाखल्याची प्रत आणि नवे अहवाल जोडा. 'आम्हाला कमी वाटतंय' एवढ्यावर काही होत नाही.

आणखी एक. टक्केवारी शरीरात काय उणं आहे ते मोजते, माणूस काय करू शकतो ते नाही. २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : टक्केवारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली एवढ्या कारणाने प्रवेश नाकारता येणार नाही, विद्यार्थी तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे मंडळाने तपासलं पाहिजे. एखाद्या महाविद्यालयाने किंवा कार्यालयाने नुसता आकडा बघून दार लावलं तर या निकालाचा उल्लेख लेखी करा.

३. माझ्या एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, पण दाखल्यावर ३०च टक्के लिहिले. मग काहीच मिळणार नाही का?

दुसरा डोळा चांगला असेल तर मार्गदर्शक सूचनांनुसार ३० टक्केच बसतात. आरक्षण, निवृत्तीवेतन, एसटीची सवलत यांना ४० टक्क्यांची अट आहे, ते मिळणार नाही.

पण 'काहीच नाही' हे खरं नाही. भेदभावाविरुद्धचं संरक्षण आणि गरजेनुसार वाजवी सोय मिळण्याचा हक्क, या दोन्हींना ४० टक्क्यांची अट नाही. ऑफिसात मोठा स्क्रीन किंवा डाव्या बाजूऐवजी उजवीकडची जागा मागणं हे याच हक्कात बसतं. परीक्षेच्या लेखनिकाबद्दल प्रश्न ६ पाहा.

४. सिकल सेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार हेही दिव्यांगत्वात येतात का? बघून तर काही कळत नाही.

येतात. १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, ऑटिझम, अध्ययन अक्षमता, ॲसिडहल्ल्यातले पीडित हे सगळे त्यात आहेत. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकल सेलचे रुग्ण बरेच आहेत, तरी अनेक कुटुंबांना दाखला मिळतो हेच माहीत नसतं.

इथे एक मेख आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. तिथे अंध व अंशतः अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग वगैरे, आणि चौथ्या गटात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता असे गट आहेत. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण मात्र ४० टक्क्यांवरच्या सगळ्याच प्रकारांना आहे. म्हणजे सिकल सेलच्या मुलीला कॉलेजात राखीव जागा मिळते आणि त्याच दाखल्यावर नोकरीत मिळत नाही. आम्हाला हे पटत नाही, पण कायदा सध्या असा आहे.

आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात 'धडधाकट तर दिसतोस' असं कोणी ऐकवलं तर कार्ड तिकीट तपासनिसाला दाखवायचं असतं. सहप्रवाशांना आजाराचा पाढा वाचून दाखवायची गरज नाही.

५. जवळची शाळा म्हणते, 'याला विशेष शाळेत घाला.' ते नाकारू शकतात का?

नाही. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड कुटुंबाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. नकार तोंडी मिळाला तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. निम्मे नकार या टप्प्यावरच विरतात. पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक त्यांच्यामार्फतच शाळेला मिळतात.

विशेष शाळा वाईट असते असं आमचं म्हणणं नाही. कर्णबधिर मुलाला सुरुवातीच्या वर्षांत खुणांची भाषा बोलणारी मुलं भोवती मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती साध्या शाळेत बहुधा मिळत नाही. मुलाला काय हवंय ते बघून ठरवा. शाळेची सोय बघून नको.

६. परीक्षेला लेखनिक कोणाला मिळतो? जादा वेळ किती?

केंद्राच्या सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेतला नाही तरी जादा वेळ मिळू शकतो; तो स्वतंत्रपणे मागा.

४० टक्क्यांखालच्यांनाही लेखनिक मिळू शकतो. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तसा निकाल दिला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना आल्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते परीक्षेच्या आठवड्यात मिळत नाही. फॉर्म भरतानाच तयारीला लागा.

७. आत्याला पक्षाघातानंतर व्हीलचेअर घ्यायची आहे. दवाखान्यात असते तशी चालेल ना?

ती दुसऱ्याने ढकलायची खुर्ची आहे. बसलेल्या माणसाने स्वतः चालवायची नाही. रुंद सीट, जड सांगाडा, न निघणारे हातदांडे, आणि बहुतेकदा गादीच नाही. अशा खुर्चीत सहा तास काढले तर आत्या कुठेच जाणार नाहीत, आणि गादी नसल्याने दाब पडून जखमा होतील त्या वेगळ्या.

मापं घ्या. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर दोन बोटं जागा, पावलं पायटेकूवर पूर्ण टेकलेली, गुडघ्यामागे थोडी मोकळीक. हातदांडे निघणारे असले तर पलंगावरून बाजूला सरकून खुर्चीत येता येतं. चांगली गादी हा खर्च टाळू नका. संवेदना कमी असेल तर दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन किंवा एका कुशीवर कलून वजन हलवायला शिकवा. एक हात चालत नसेल तर एका हाताने चालणारी खुर्चीही मिळते. मुंबईत हाजी अलीजवळची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था याच कामाची आहे. साधनं वाटपाच्या शिबिरांत कानपूरच्या ॲलिम्को कंपनीची साधनं उत्पन्नाच्या अटीवर मोफत किंवा सवलतीत मिळतात. शिबिरात मिळाली म्हणून मापात न बसणारी खुर्ची घरी आणू नका. माप घ्यायला लावा.

८. बहीण अंध आहे. तिला स्वयंपाक करायचाय, पण आई गॅसजवळ जाऊ देत नाही. काय करावं?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त येतो. कधी अंध बहीण, कधी बौद्धिक अक्षमता असलेला भाचा, कधी एका हाताने काम करणारी वहिनी. भीती खरी आहे. पण आईची भीती कमी होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर ताई पन्नाशीची होईल.

जागा ठरवण्यापासून सुरुवात करा. तिखट, हळद, मीठ रोज त्याच क्रमाने, त्याच फळीवर. डब्यांना रबर लावा : एक रबर साखर, दोन रबर मीठ. घरात बाकीच्यांनीही डबा जागच्या जागी ठेवायचा हा नियम सगळ्यात कठीण जातो, आणि तो मोडणारा बहुतेक वेळा डोळस माणूसच असतो. गॅसच्या बटणावर बंद आणि मंद या जागी नेलपॉलिशचा जाड ठिपका देता येतो, तो बोटाला लागतो. तेल तापलं का, हे वासावरून आणि मोहरीच्या आवाजावरून कळतं. तुमचं-आमचं लक्ष नसतं इतकंच. भांडं आधी शेगडीवर नीट मध्ये बसवायचं आणि मग गॅस पेटवायचा. पदर, ओढणी खोचलेली. सुरुवात चहाने नको, कारण उकळतं पाणी ओतणं हीच सगळ्यात अवघड पायरी आहे; आधी कोशिंबीर, मग कुकर, मग फोडणी. इंडक्शन शेगडी परवडत असेल तर ज्वाळेची भीती जाते, पण तिची सपाट टचबटणं बोटांना लागत नाहीत. उंचवट्याची बटणं असलेली घ्या.

बौद्धिक अक्षमता असेल तर कृतीची चित्रं ओळीने भिंतीला लावा आणि एकेक पायरी सोपवत जा. बोट भाजेल कधीतरी. तुमचंही भाजलंच असेल.

९. रस्त्यात अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअरवरचा माणूस दिसला तर नेमकी कशी मदत करावी?

आधी विचारा : 'मदत हवी आहे का?' नको म्हणाले तर पुढे चालू लागा.

अंध व्यक्तीचा दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की 'वर' की 'खाली' ते सांगा. 'तिकडे आहे' हे निरुपयोगी आहे. 'उजव्या हाताला चार पावलांवर' हे उपयोगी. पांढऱ्या काठीला हात लावू नका. व्हीलचेअर न विचारता ढकलू नका, आणि उतारावर बहुतेक वेळा खुर्ची उलटी फिरवून उतरवावी लागते. बसलेल्याला विचारा, त्याला माहीत असतं. कर्णबधिर माणसाशी बोलताना समोर उभं राहा, तोंड झाकू नका, ओरडू नका, फोनवर लिहून दाखवा. दुभाषी सोबत असला तरी बघायचं त्या माणसाकडे.

दुकानदारांनी आणि डॉक्टरांनीही हे वाचावं. सोबत्याकडे बघून 'यांना काय होतंय?' हा प्रश्न आम्हाला रोज कोणी ना कोणी कळवतो.

१०. सोसायटीत तीन पायऱ्या आहेत. रॅम्पला सभासद नाही म्हणतात. किती जागा लागते?

उतार १:१२ हवा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर, तीन पायऱ्यांना ५.४ मीटर, मध्ये वळण घेतलं तर जागा बसते. दार ९० सेंटिमीटर, व्हीलचेअर वळायला १.५ मीटरचा मोकळा चौक, दोन्ही बाजूंना कठडा. स्कूटर चढवायला केलेला घसरगुंडीसारखा सिमेंटचा उतार हा रॅम्प नव्हे, त्यावरून माणूस मागे उलटतो.

सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या, नकाशा आणि खर्चाचा अंदाज जोडा, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. 'एका घरासाठी कशाला' असं म्हणणाऱ्या सभासदांना त्यांच्याच आईवडिलांच्या गुडघ्यांची आठवण करून द्यायला हरकत नाही. नकार आला तर वाजवी सोय नाकारल्याची तक्रार. मार्ग प्रश्न १९ मध्ये.

सार्वजनिक इमारतींचं वेगळं. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं आहे.

११. यूडीआयडी दाखवलं की एसटी, रेल्वे, विमान सगळीकडे सवलत मिळते का?

एसटीत ४० टक्क्यांपासून भाड्यात ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांपासून साथीदारालाही ५० टक्के. गाडीच्या प्रकारानुसार थोडा फरक पडतो.

रेल्वेचे निकष वेगळे आहेत आणि घोटाळा इथेच होतो. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध, बौद्धिक अक्षमता असलेले, आणि ऐकू-बोलू दोन्ही न येणारे, एवढ्यांनाच दिव्यांग म्हणून भाडेसवलत आहे. ४५ टक्के अस्थिव्यंग असून एकटे फिरणाऱ्याला ती मिळत नाही. पात्र असाल तर रेल्वेच्या दिव्यांग पोर्टलवर अर्ज करून सवलतीचं ओळखपत्र काढा.

विमानात प्रश्न सवलतीचा कमी, वागणुकीचा जास्त. साहाय्य हवं असेल तर ४८ तास आधी कळवा. दिव्यांगत्वाचं कारण देऊन उतरवता येत नाही. २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष गोव्यातल्या परिषदेला निघाल्या असताना कोलकात्यात त्यांना विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

१२. बँक म्हणते, अंध खातेदाराला चेकबुक देत नाही, संयुक्त खातं उघडा.

रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सांगितलंय की चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर, कर्ज यांत दृष्टिहीन ग्राहकाशी भेदभाव करायचा नाही. परिपत्रकाची प्रत घेऊन शाखाधिकाऱ्यांकडे जा आणि नकार लेखी मागा. मोबाइलवर केवायसी करताना 'डोळे मिचकावा' हे न जमणाऱ्यांसाठी पर्याय ठेवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिले आहेत. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे मोफत ॲप आहे.

१३. दरमहा पैसे आणि ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी कसा मिळतो?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झालं. उत्पन्नाचा दाखला आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका. बंद झालेल्या अनुदानामागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी पंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत नाव आहे का पाहा. मग ग्रामसभेत उभं राहून विचारा : गेल्या वर्षी किती जमा होता, कशावर गेला? एकट्याने विचारण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

१४. नोकरीत असताना अपघातात पाय गेला. कार्यालय राजीनामा मागतंय.

देऊ नका. सरकारी आस्थापनेत नोकरीदरम्यान दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपलीकडचं जादा, पद निर्माण करायचं. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही. तिथे भेदभावबंदी आणि समान संधी धोरण यांच्या आधारे भांडावं लागतं, आणि ते अवघड आहे. दोन्हीकडे पहिला सल्ला एकच : सही करण्याआधी कागद कोणाला तरी दाखवा.

१५. मतदानाला मी सोबत आत जाऊ का?

मतदाराला हवं असेल तर. अंध किंवा अशक्त मतदार १८ वर्षांवरचा सोबती नेऊ शकतो. एक सोबती एकाच मतदारासाठी, आणि गुप्तता राखण्याचं लेखी द्यावं लागतं. मतदानयंत्रावर ब्रेल अंक आहेत, त्यामुळे अनेकांना सोबती नकोच असतो. लोकसभा-विधानसभेला ४० टक्क्यांवरच्यांना घरून मतदानाचा पर्यायही असतो. १२-डी अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो.

१६. आमच्या मंडळाची पत्रकं अंध सभासदांना मोबाइल वाचून दाखवत नाही. का?

दोन कारणं असतात. पत्रकाचा फोटो काढून पाठवला आहे, किंवा ते श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि मजकूर म्हणूनच पाठवा. मग अँड्रॉइडचा टॉकबॅक किंवा संगणकावरचा मोफत एनव्हीडीए मराठी वाचतो. लग्नपत्रिकेचा फोटो पाठवलात तर खाली तारीख, वेळ, ठिकाण दोन ओळींत लिहा.

१७. मुलगा अठराचा झाला. बँक म्हणते पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. मी आई असून पालक नाही?

अठरा पूर्ण झाल्यावर कोणाचीच आई कायद्याने पालक राहत नाही. तुमच्या मुलालाही तोच नियम आहे. त्यामुळे आधी पालकत्व लागतंच का ते पाहा. बोलणं अस्पष्ट असणं आणि समज नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, पण बुद्धीने लख्ख मुलांना केवळ बोलणं कळत नाही म्हणून पालक नेमल्याची उदाहरणं आमच्याकडे येतात, तेव्हा वाईट वाटतं. स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा आणि आर्थिक व्यवहार करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. अंगठा, समजावून सांगणारं माणूस, खात्याला कमी मर्यादा, एवढ्यावर अनेकांचं भागतं.

खरंच गरज असेल तर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

मानसिक आजार या चारांत येत नाही. तिथे २०१६च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व लागू होतं : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. उपचारांबाबत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार तिला स्वतःचा प्रतिनिधी आधीच लिहून ठेवता येतो.

१८. आमच्यानंतर तिचं कसं होणार?

पैशांची बाजू त्यातल्या त्यात सोपी. मृत्युपत्र करा, रक्कम मोठी असेल तर वकिलाच्या सल्ल्याने खासगी न्यास. सरकारी नोकरीत असाल किंवा निवृत्त असाल तर दिव्यांग मुलीचं नाव कुटुंब निवृत्तीवेतनासाठी आत्ताच नोंदवा, मागे राहिलेल्यांना ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात. प्रश्न १७ मधल्या चार प्रकारांसाठी 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे.

अवघड बाजू राहण्याची. तुम्ही असतानाच तिला दोन रात्री मावशीकडे, मग आठवडाभर एखाद्या निवासी केंद्रात राहू द्या. आयुष्यात पहिल्यांदा घर सोडायचं आणि त्याच आठवड्यात आईही गेलेली, असं तिच्या वाट्याला येऊ नये. औषधं, आवडीनिवडी, कशाने घाबरते, कोण तिचे मित्र, हे सगळं एका वहीत लिहा, आणि लिहिताना तिला विचारा. भावाला गृहीत धरू नका. त्याच्याशी स्पष्ट बोला. 'बघीन मी' याचा अर्थ पैसे बघीन, घरी नेईन की महिन्यातून भेटेन, हे ठरवून घ्या. वहिनीलाही त्या बोलण्यात बसवा.

१९. तक्रार कुठे करायची? वकील लागतो का?

लागत नाही. सरकारी कार्यालयाविरुद्ध असेल तर आधी तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तो नेमलेला असायला हवा. मग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. महाराष्ट्राचं कार्यालय पुण्यात आहे, गोव्याला स्वतंत्र आयुक्त आहेत. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक, केंद्रीय परीक्षा यांच्यासाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय केलं ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. न कळवल्यास पुन्हा लिहा.

चारचौघांत जाणूनबुजून अपमान, मारहाण, साधनांची मोडतोड हे गुन्हे आहेत, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचे. त्यासाठी पोलीस ठाणं.

तक्रारीत तारीख, ठिकाण, कोण काय म्हणालं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहा. 'न्याय मिळावा' हे शेवटचं वाक्य कोणालाच कामाला लावत नाही. '३० दिवसांत प्रवेशद्वारावर रॅम्प' हे लावतं.

२०. धाकटी बहीण २४ वर्षांची आहे, श्रवणयंत्र वापरते. दाखला काढायला ती तयारच नाही. तिच्या भल्यासाठी आम्हीच अर्ज भरून टाकावा का?

नको. ती सज्ञान आहे, तपासणीला तिलाच बसायचं आहे आणि कार्डावर तिचाच फोटो येणार आहे. दाखला सक्तीचा नाही. न काढल्याने काय मिळणार नाही ते एकदा सरळ सांगा : आरक्षण, परीक्षेतली सूट, एसटीची सवलत, जुन्या करपद्धतीतली ७५,००० रुपयांची वजावट. तिला कशाची धास्ती आहे तेही विचारा. बऱ्याच मुलींना लग्नाच्या बोलण्यांत तो कागद आडवा येईल असं वाटतं, काहींना ऑफिसात कळायला नको असतं. दाखला काढला म्हणून तो कार्यालयात दाखवायची सक्ती होत नाही, एवढं तिला सांगून ठेवा. पुढे कधी मन बदललं तर अर्ज तेव्हाही करता येतो. जुने ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे अहवाल) मात्र टाकू नका, एका फाइलमध्ये लावून ती फाइल तिच्याकडे द्या.